जिची तिची उडी

एकाच डब्यातलं पीठ, तीच परात, तोच तवा. तरी दोन जावांच्या भाकरी वेगळ्या ओळखू येतात. एकीची कड पातळ, दुसरीची जरा जाड, पण टम्म फुगलेली. याला आपण ‘हात’ म्हणतो. फ्रीस्टाइल स्कीइंग या खेळात याच ‘हाता’ला स्टाइल म्हणतात आणि त्यावरून तिथे बराच वाद चालतो. बर्फ आपल्या ओळखीचा नसला, तरी वाद मात्र ओळखीचा आहे.

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायचं, म्हणजे स्कीइंग. साध्या शर्यतीत निकाल घड्याळ देतं. फ्रीस्टाइलमध्ये उंच उडी मारून हवेत गिरक्या आणि कोलांट्या घ्यायच्या आणि परत पायांवर उतरायचं. इथे निकाल परीक्षक देतात. उडी किती उंच, किती अवघड, किती प्रकारची, उतरताना तोल गेला का, हे सगळं ते बघतात. पण त्या दोन-तीन सेकंदांत खेळाडूचा स्वभावही दिसतो बरं का! एखादी हवेत स्कीची पट्टी हाताने धरते आणि उतरायची वेळ येईपर्यंत सोडत नाही. एखादी पाठ पुढे करून उलटीच उडी घेते. एखादी सवयीची बाजू सोडून मुद्दाम दुसऱ्या बाजूला फिरते.

आता हा स्वभाव मोजायचा कसा? या खेळात एके काळी ‘बॅले’ नावाचा प्रकार होता. संगीताच्या तालावर बर्फावर जवळजवळ नाचच करायचा. १९८८ आणि १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला, पण पदकांच्या यादीत कधी आला नाही आणि पुढे मोठ्या स्पर्धांतूनही गेला. त्याच १९९२ मध्ये बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरण्याच्या ‘मोगल’ प्रकाराला मात्र पदक मिळालं. तिथे गुणांबरोबर वेळही मोजली जाते. आज उड्यांच्या प्रकारांत गिरक्यांची संख्या तशी झाली आहे. १०८० अंश म्हणजे तीन गिरक्या, १६२० म्हणजे साडेचार. आकडा वाढला की उडी मोठी! त्यामुळे सगळ्यांच्या उड्या एकसारख्या दिसायला लागतील, अशी भीती जुने खेळाडू बोलून दाखवतात.

मला ही भीती पटते, पण अर्धीच. मोजमाप अजिबात नसेल तर आवडती-नावडतीचा खेळ सुरू होतो, आणि त्यात बायकांचंच नुकसान जास्त होतं. कॅनडाच्या सारा बर्कचं उदाहरण घ्या. तिच्या सुरुवातीच्या काळात मुलींना वेगळा गट नसायचा, तेव्हा ती मुलांमध्ये उतरायची. स्पर्धेत १०८० ची गिरकी यशस्वी करणारी ती पहिली महिला. ‘मुलींना हे जमतं’ हे सांगायला तिला तो आकडा उपयोगी पडलाच की! ‘एक्स गेम्स’मध्ये महिलांना जागा मिळावी म्हणून ती आयोजकांच्या मागेच लागली. २००५ मध्ये तिथे महिलांची हाफपाइप स्पर्धा सुरू झाली. ऑलिम्पिकसाठीही ती झगडली. २०११ मध्ये मान्यता मिळाली, पण जानेवारी २०१२ मध्ये सरावात पडून, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी ती गेली. २०१४ मध्ये सोचीला महिला हाफपाइपमध्ये उतरल्या, ते बघायला ती नव्हती.

म्हणजे आधी अंगण मिळायला हवं. रांगोळी कशी काढायची, हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि अंगण मिळाल्यावर? २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये चीनकडून खेळणारी, अमेरिकेत जन्मलेली आयलीन गू १८ वर्षांची होती. ‘बिग एअर’च्या शेवटच्या उडीआधी ती तिसरी होती. तिने आईला फोन केला. आईचं म्हणणं, जमणारी १४४० ची उडी घे, रौप्य मिळेल. लेकीने ठरवलं, याआधी कधीच न केलेली १६२० ची उडी घ्यायची. ती तिने घेतली, नीट उतरली आणि फ्रान्सच्या टेस लेद्यूला पाऊण गुणाने मागे टाकून सुवर्ण जिंकली. यात आकडाही होता आणि तिचा स्वतःचा हातही. पडली असती तरी तो निर्णय तिचाच राहिला असता.

म्हणून मला वाटतं, स्टाइल म्हणजे ढगळ पँट किंवा रंगीत टोपी नव्हे. नियम सगळ्यांना सारखेच असतात. त्यांतलं काय उचलायचं, कुठल्या बाजूला फिरायचं आणि किती धोका पत्करायचा हे जिचं तिने ठरवणं, ती स्टाइल. परीक्षकांनी गिरक्या जरूर मोजाव्यात, पण वेगळ्या वाटेने जाणारीला गुण देताना हात आखडू नये. नाहीतर पुढच्या मुली जिंकलेल्या उडीची नक्कल करत बसतील.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही परीक्षक कमी नाहीत. सासरी, माहेरी, शेजारी, सगळीकडे गुणपत्रिका तयारच असते. ‘अमकीच्या मुलीसारखं कर’ हे वाक्य आपण ऐकत आलो आणि आता लेकींनाही ऐकवतो. आयलीनच्या आईने आपलं मत सांगितलं, पण उडी लेकीला ठरवू दिली. आपल्याला एवढं जमेल ना?