विरजण कुणाचे?

जुलै २०२५ च्या उत्तरार्धात गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना एके दिवशी आपली कार्यालयीन ई-मेल उघडेनाशी झाली. रशियन भागीदारीमुळे युरोपीय संघाने कंपनीचे नाव निर्बंधांच्या यादीत घातले होते आणि तेवढ्यावरून मायक्रोसॉफ्टने आपली सेवा खंडित केली होती. भारत सरकारने तसा आदेश दिला नव्हता, भारतीय न्यायालयानेही दिला नव्हता. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. भारतीय भूमीवरील एका मोठ्या उद्योगाच्या दप्तराची किल्ली परक्या हाती असते, हे मात्र त्या काही दिवसांत लख्ख दिसून गेले.

अशा प्रसंगानंतर आपल्याकडे एक मागणी हमखास पुढे येते. भारताची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाची मूळ कार्यप्रणाली, असावी. मागणी रास्त आहे आणि तिचे उत्तरही ठरलेले आहे : लिनक्स आहे की! फिनलंडमधील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहावयास घेतलेला गाभा आणि अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने, या दोहोंची मूळ संहिता (ज्याला सोर्स कोड म्हणतात) सर्वांसाठी खुली आहे. त्यावर उभ्या असलेल्या डेबियन या प्रणालीच्या आधारे सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांना सामावून घेणारी प्रणाली आणली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त संगणकप्रणालींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या 'माया' प्रणालीचा बोलबाला झाला, तीही उबंटूवर बेतलेली. केरळमधील शाळांतील मुले तर कितीतरी वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. मग अडले कुठे?

संहिता हाती असणे आणि त्या संहितेतून प्रणाली घडवता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपण बहुधा पहिलीवरच समाधान मानतो. माणसाने लिहिलेली संहिता यंत्राला कळत नाही. कम्पायलर नावाचा अनुवादक तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, तेव्हा ती चालते. आपण संकेतस्थळावरून जी 'मुक्त' प्रणाली उतरवून घेतो, तीही असे रूपांतर झालेली, कुणीतरी कुठेतरी शिजवून ठेवलेली असते. पाककृती सोबत दिलेली असते खरी, परंतु ताटातले अन्न त्याच पाककृतीने शिजले आहे, हे आपण विश्वासाने मानतो. त्यात आणखी एक मेख आहे. कम्पायलर हीसुद्धा एक प्रणालीच. तो घडवायला आधीचा कम्पायलर लागतो. घरात दही लावायचे तर आधी चमचाभर दही हवे, आणि ते शेजारून आणले तर शेजारच्या दह्याची चव आपल्याही भांड्यात उतरते. युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात नेमके हेच दाखवून दिले होते. ते व्याख्यान १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. कम्पायलरमध्ये एकदा दडवलेला चोरदरवाजा, संहितेतून त्याची प्रत्येक खूण पुसून टाकली तरी, पुढच्या पिढ्यांत आपोआप उतरत राहू शकतो. संहिता कितीही डोळ्यांत तेल घालून वाचली तरी तो सापडणार नाही.

ही केवळ विद्वानांची शंका नव्हे, हे मार्च २०२४ मध्ये जगाने अनुभवले. 'एक्सझेड' हे माहिती आकुंचित करणारे छोटेसे साधन जवळपास प्रत्येक लिनक्स प्रणालीत असते. त्याची देखभाल प्रामुख्याने एकच माणूस, फावल्या वेळात, विनामोबदला करीत होता. 'जिया टान' हे नाव धारण करणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मनोभावे मदत करून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग डाव साधला. सर्वांना दिसणाऱ्या संहितेच्या भांडारात वरवर पाहता काहीच वावगे दिसत नव्हते. विष होते ते चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फायलींत, आणि ते बाहेर काढणारी आज्ञा होती फक्त घडणीसाठी वाटलेल्या गठ्ठ्यात. म्हणजे घाव घातला गेला तो बरोब्बर संहिता आणि घडण यांच्या सांध्यावर. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, हे खटकले. त्याने चिकाटीने माग काढला आणि २९ मार्च रोजी प्रकार उघड केला. तोवर हे साधन डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचले होते, सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्तीत मात्र शिरले नव्हते. (फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टचाच नोकर, हेही नमूद करावयास हवे. गोष्ट वाटते तितकी काळी-पांढरी नाही.)

स्थिर आवृत्ती बचावली यामागे योगायोग आहेच, पण व्यवस्थाही आहे, आणि संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घेण्याजोगी आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनमागे कुठलीही कंपनी मालक म्हणून उभी नाही. जगभरातील सुमारे हजार स्वयंसेवक सत्तर हजारांच्या घरातील पॅकेजे सांभाळतात. प्रत्येक पॅकेजाला पालक असतो. ते घडवण्यासाठी आधी काय काय लागते, याची यादी पालकाने लिहून द्यावी लागते. मग वेगळी यंत्रे कोऱ्या पाटीवर, केवळ त्या यादीच्या भरवशावर, ते घडवून पाहतात. 'माझ्या संगणकावर तर चालते' ही सबब तेथे ऐकून घेतली जात नाही. संहितेतून जे घडत नाही, ते स्थिर आवृत्तीत जात नाही.

नव्या सदस्याची पारखही अशीच. त्याच्या सांकेतिक स्वाक्षरीला जुन्या सदस्यांनी दुजोरा द्यावा लागतो, आणि तो सहसा समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहूनच दिला जातो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ही मंडळी कोचीत जमली होती. त्यांचा नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो, मात्र त्यांच्या १९९८ च्या घटनेनुसार तो कुणालाही काम करण्याची सक्ती करू शकत नाही. असे असूनही काम होते. भांडणेही होतात. २०१४ च्या वादातून तर काही जण बाहेर पडले आणि त्यांनी निराळी चूल मांडली.

२०१३ पासून याच मंडळींनी आणखी एक कष्टाचे व्रत घेतले आहे. एकच संहिता दोन निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांनी घडवली, तर निघणारे फळ शेवटच्या अक्षरापर्यंत एकसारखे असावे, म्हणजे कुणाच्या शब्दावर विसंबण्याची गरज उरणार नाही. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात कुठे घडणीची तारीख-वेळ आत उमटलेली असते, कुठे फायलींचा क्रम बदलतो, कुठे घडवणाऱ्याच्या फोल्डरचे नावच आत जाऊन बसते. असे हजारो बारीक काटे एकेक करून उपसावे लागले. त्यातील बहुतांश आज निघाले आहेत. या कामाची बातमी होत नाही, लोकार्पण होत नाही.

आपल्याकडे उत्साह असतो तो नेमका लोकार्पणाचा. नवे नाव, नवे बोधचिन्ह, पार्श्वभूमीला तिरंगा, आणि झाली स्वदेशी प्रणाली! पाटी बदलल्याने विरजण बदलत नाही. लिनक्स परदेशी म्हणून ती पुन्हा शून्यापासून लिहावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तो वेडेपणा ठरेल. ज्ञान जगाचे आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे. परंतु ज्या प्रणालीला आपण राष्ट्रीय म्हणतो, तिचे प्रत्येक पॅकेज आपल्याच भूमीवरील यंत्रांवर संहितेपासून घडवले जाते काय, ते मूळ प्रकल्पाच्या फळाशी ताडून पाहिले जाते काय, आणि उद्या बाहेरची सारी भांडारे बंद झाली तर हे सर्व पुन्हा उभे करू शकणारी किती माणसे पगारावर आहेत, हे तीन प्रश्न संसदेत आणि विधिमंडळात विचारले गेले पाहिजेत. वार्षिक अहवालात त्यांची उत्तरे आकड्यांत यावीत.

आणि माणसे घडवायची तर सुरुवात महागडी नाही. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक १९९९ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. ऐंशीच्या आसपास पॅकेजे एकामागून एक हाताने घडवत, रिकाम्या डिस्कवरून चालती प्रणाली कशी उभी करावी, याचा तो पायरीपायरीचा पाठ आहे. त्यातही आरंभी 'उसना' कम्पायलर घेऊन त्यावर आपला घडवायचा आणि मग उसन्याचा हात सोडायचा, हाच क्रम आहे. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत अखेरच्या वर्षाचे प्रकल्प विकत आणून सादर केले जातात, हे आपण सारे जाणतो. त्याऐवजी चार विद्यार्थ्यांचा एक गट, एक जुना संगणक आणि हे पुस्तक, एवढे एका सत्राला पुरते. दोन गटांनी स्वतंत्रपणे घडवावे आणि शेवटी आपापली फळे अक्षरशः ताडून पाहावीत. ती पहिल्या खेपेस जुळणार नाहीत. का जुळली नाहीत, हे शोधण्यात पुढचे सत्र जाईल.