पब नको, रात्री गरम भाकरी पाहिजे

मंडळी, हल्ली एक नवीन फॅड आलंय. पुण्यात दोन वर्षं राहून आलेलं पोरगं भोरच्या स्टँडवर उभं राहून रील काढतं. आधी एफसी रोडची झगमग, मग आपल्या बाजारपेठेतली बंद शटरं. खाली लिहितं, "इथं आठला गाव झोपतं." आपण हसतो, शेअर करतो आणि विसरतो. आणि मग कोणीतरी जाणता माणूस कमेंट टाकतो, "बरंय झोपतं ते. पुण्यासारखं पब आणून पोरं बिघडवायचीत का?"

दोघंही चुकीचं भांडतायत. स्पष्ट बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल.

भोर, नसरापूर, धांगवडी, वेल्हे या पट्ट्यात पब कोणी मागितलाय? कॉलेजचं पोरगं रात्री साडेनऊला अभ्यासातून उठलं तर त्याला गरम पोळीभाजी कुठं मिळेल, एवढाच साधा प्रश्न आहे. आणि पोरगी असेल तर? तिनं काय करायचं? बिस्किटाचा पुडा आणि पाणी. झालं जेवण.

आता म्हणाल, पुण्याची बरोबरी कशाला? करू की बरोबरी, पण नीट करू. पुण्याची रात्र एक नाही, दोन आहेत. एक कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढव्याची. ती आपण रीलवर बघतो. त्या रात्रीचं काय करायचं हे खुद्द पुण्यालाच अजून उमगलेलं नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअर चिरडले, तेव्हा सगळं शहर जागं झालं. पबच्या वेळा, परवाने, सगळ्याची झाडाझडती सुरू झाली. त्या रात्रीचा हेवा करण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

दुसरी रात्र सदाशिव पेठेची आणि नवी पेठेची. स्पर्धा परीक्षेची हजारो पोरं-पोरी तिथं राहतात. आपल्या तालुक्यातलीही आहेत. रात्रभर उघड्या अभ्यासिका, मेसची थाळी, कोपऱ्यावरचा चहा, पहाटे पोहे. रात्री अकराला पोरगी पुस्तकं छातीशी धरून रस्त्यानं चालत खोलीवर जाते, कारण रस्त्यावर दिवा असतो, चहावाला असतो, चार माणसं असतात. आपल्या पोरांना पुण्याचं वेड लागतं ते या रात्रीसाठी. आपण मात्र समजतो, पोरगं बिअरसाठी गेलं.

आता कायद्याचं बघा. "रात्री हॉटेल उघडं ठेवायला परवानगी नाही" असं कोणी सांगितलं की आपण मान डोलावतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा आहे. त्यात दारू न विकणाऱ्या दुकानाला, खाणावळीला चोवीस तास उघडं राहायची मुभा आहे. कामगाराला आठवड्याची सलग सुट्टी द्या, बाकी नियम पाळा, एवढंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं हे परत लेखी सांगितलं, कारण पोलीस आणि स्थानिक कार्यालयं दुकानं बंद करायला लावतात अशा तक्रारी होत्या. वेळेचं बंधन आहे ते दारूवाल्याला.

आणि आपल्याकडे प्रत्यक्षात काय दिसतं? बरोबर उलटं. रात्री दहाला थाळीवाला भांडी घासून घरी गेलेला असतो आणि परमिट रूमची पाटी लखलखत असते. म्हणजे अठरा वर्षाच्या पोराला रात्री भूक लागली तर त्याच्यासमोर उघडं दार कुठलं? बारचं. चखणा मिळेल, भाकरी नाही. मग त्याच पोराला आपण नाक्यावर उभं राहून शिव्या देतो, "बिघडली पिढी."

दुसरा पर्याय हायवेवरचा ढाबा. धांगवडीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कापूरहोळ-नसरापूर परिसरात पोरं खोल्या करून राहतात. पुणे-सातारा रस्त्यावर रात्री ट्रक कसे सुटलेले असतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. जेवायला रस्ता ओलांडायचा आणि परत ओलांडायचा. तिथले दर गाडीवाल्या गिऱ्हाईकाचे, पोराच्या खिशाचे नाहीत. शिरवळच्या एमआयडीसीत दुसरी पाळी करून येणाऱ्या पोरांची तीच गत. सरकारची शिवभोजन थाळी २०२० साली सुरू झाली, चांगली योजना, पण तिची वेळ दुपारची. रात्री गरिबाला भूक लागत नाही असं बहुतेक कागदावर ठरलंय.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट पुढं आहे. नाईटलाईफ आपल्याकडे नाही असं कोण म्हणतं? आहे की! भाटघरच्या पाण्याकडेला आहे, पानशेतच्या बॅकवॉटरला आहे, राजगड-तोरण्याच्या पायथ्याला आहे. शनिवारी संध्याकाळी टोलनाका ओलांडून गाड्यांची रांग येते. तंबू, शेकोटी, डीजे, बार्बेक्यू. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, असं ध्वनिप्रदूषण नियम २००० सांगतात. पण फार्महाऊसच्या कुंपणाआत तो नियम थांबतो बहुतेक. शेजारच्या वस्तीत दहावीचं पोरगं अभ्यास करतंय, म्हातारी खोकतेय, गोठ्यात गाय बुजतेय. कोणाला काय त्याचं?

आणि त्या पार्टीत रात्री एक वाजता गरम चिकन कोण वाढतं? आपलंच पोरगं. केळदचं, पासलीचं, भुतोंड्याचं. दिवसा कॉलेज, शनिवार-रविवार कॅम्पवर काम. कामाला माझा आक्षेप नाही, कष्टाचा पैसा आहे. पण शहरातल्या पाहुण्याला आपल्या मावळात मध्यरात्री ताटभर जेवण मिळतं आणि ते वाढणाऱ्या पोराला सोमवारी रात्री त्याच तालुक्यात वडापावसुद्धा मिळत नाही, हे कसं काय चालतं? भात आपला, इंद्रायणी आपला, हात आपले, रात्र मात्र त्यांची!

आता ठरलेली उत्तरं येतील. एकेकाचं घेतो.

"रात्री उघडं ठेवलं की टवाळखोर जमतात." टवाळखोर आजही जमतात. धरणाच्या भिंतीकडं, बंद शाळेच्या मागं, जिथं दिवा नाही तिथं. चार बायका पोळ्या लाटतायत, घरची माणसं जेवायला आलीत, उजेड आहे, अशा जागी टवाळखोरीला जागा उरत नाही.

"ही आपली संस्कृती नाही." अहो, काय बोलताय! गावच्या जत्रेत पहाटेपर्यंत जागणारी माणसं आपण. गोंधळ, जागरण, भजन, तमाशा, हे सगळं रात्रीचंच. रात्री एकत्र बसून खाणं-गाणं आपल्याला पुण्यानं शिकवलेलं नाही.

"गिऱ्हाईक नाही, परवडत नाही." हे मात्र खरं दुखणं आहे, याची थट्टा करणार नाही. एकट्या हॉटेलवाल्यानं दोन पोरांसाठी गॅस पेटता ठेवावा ही अपेक्षा चूक आहे. म्हणूनच जागा एक हवी आणि गाड्या दहा. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं विकतात. रात्री दुकानं बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत लोक खातात. नवी इमारत नाही, नवा रस्ता नाही. होळकरांच्या गावाला जमतं, पंतसचिवांच्या गावाला का जमू नये? त्यांच्याएवढं नको, दहा गाड्या आणि रात्री अकरापर्यंत, तेवढंच पुरे.

मागण्या लांबलचक नाहीत.

१) भोर नगरपरिषदेनं एक जागा ठरवावी. दिवे, पाणी, स्वच्छतागृह आणि कचऱ्याची सोय द्यावी. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के विक्रेते असावे लागतात, त्यातल्या एक तृतीयांश बायका. कायद्याप्रमाणे समिती बसवा आणि जागा ठरवा. त्या गाड्यांवर पहिला हक्क बचत गटांचा.

२) कॉलेजांनी मेस आणि अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवावी आणि खोली करून राहणाऱ्या पोरा-पोरींनाही पैसे घेऊन जेवू द्यावं. इमारती उभ्या आहेत, फक्त कुलूप उशिरा लावायचंय.

३) एसटीनं भोर-कापूरहोळ-नसरापूर-वेल्हे अशी रात्रीची एक तरी गाडी द्यावी. रस्त्यावर एसटी असली की बाप पोरीला थांबू देतो, नसली की तिचं कॉलेजच सुटतं. आपल्याकडे किती पोरींचं शिक्षण शेवटच्या गाडीवर अडलंय, हे घराघरात विचारा.

४) ग्रामपंचायतींनी दहानंतरचे डीजे बंद करायला लावावेत. पाहुण्यांनी यावं, जेवावं, पैसे द्यावेत आणि गावाला झोपू द्यावं.

तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड झालं, आनंद आहे. पण नुसती पाटी बदलून पोराचं पोट भरत नाही. प्रत्येक निवडणुकीत "तरुणांसाठी" म्हणून जिम आणि क्रिकेटचे सामने जाहीर होतात. यावेळी मत मागायला कोणी दारात आलं तर एवढंच विचारा, "साहेब, आमच्या पोरीला रात्री नऊनंतर जेवण कुठं मिळतं, सांगा."

कॉलेजच्या पोरा-पोरींनो, खाली लिहा: तुम्ही कुठं राहता, रात्री किती वाजेपर्यंत खायला मिळतं आणि शेवटची गाडी किती वाजता. नाव नाही दिलं तरी चालेल. हे सगळं एकत्र करून आपण निवेदन घेऊन जाऊ. आणि ज्या हॉटेलवाल्यांना, ताईंना असं काही सुरू करायचंय, त्यांनीही लिहा. पटलं नसेल तर भांडा, पण मुद्द्यावर भांडा.

#भोर #वेल्हे #राजगड #नसरापूर