टक्केवारीचा तराजू

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला, की आपल्या धर्मग्रामात एक खेळ रंगतो. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची टक्केवारी आणि शेजारच्या पाड्यावरील जिल्हा परिषद शाळेची टक्केवारी एका तराजूत घातली जाते. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. यंदा एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारलेच, “फादर, ती शाळा बंद झाली तर कोणाचे काय बिघडणार?” त्या वेळी मी गप्प राहिलो. उत्तर येथे देतो.

पाड्यावरील पाचवीत मुले पाच. परीक्षेच्या दिवशी एकाला ताप भरला, की शाळेचा निकाल २० टक्क्यांनी कोसळतो. आपल्या ६० मुलांच्या वर्गात एका मुलाचे वजन पावणेदोन टक्केही भरत नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासतो. जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे निवडून. ही माणसेदेखील जिल्ह्याविषयी आणि राज्याविषयी बोलतात, एखाद्या शाळेवर शिक्का मारीत नाहीत. आपण मात्र पाच मुलांवरून निवाडा देतो!

आणि ही मुले कोण? दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारी, पावसाच्या तोंडावर परतणारी. गुरुजी दोन, इयत्ता पाच. ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदाच सांगतो. त्याच कायद्याने जनगणना आणि निवडणूक ही कामेही त्यांच्याच माथी ठेवली आहेत. तरीही ती शाळा दाराशी आलेल्या कोणत्याही मुलाला परत पाठवीत नाही.

आपले काय? विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, असे हाच कायदा म्हणतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातूनच वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे असे सुचविले, तो भाग वेगळा. संस्था चालविण्याचा आपला घटनादत्त अधिकार मला प्रिय आहे. त्यासाठी मी भांडलोही आहे. परंतु ज्या मुलांना घेण्याचे बंधन आपण स्वीकारले नाही, त्यांनाच घेणाऱ्या शाळेला कमी गुणांवरून हसणे, याला मी निर्लज्जपणा म्हणतो. शब्द कठोर आहे, मागे घेणार नाही.

२०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आणला. कागदावर योजना देखणी आहे. परंतु सहा वर्षांच्या पोरीने श्रावणात ओढा ओलांडायचा कसा? आपल्याच जिल्ह्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच कुरणात गेली. आज उलटी वाट धरण्यासाठी आपल्या आवारातील टक्केवारीच्या गप्पा आयत्याच उपयोगी पडतात.

त्या गृहस्थांची नात बसने शाळेत जाते. बस अगदी फाटकाशी थांबते. पाड्यावरील मुलांच्या बसचे भाडे कोण भरणार, हे मी त्यांना येत्या रविवारी विचारणार आहे.