विठ्ठलवाडीत घरांचा कारखाना कोणाचा?

सिडकोने २०२२ साली बामणडोंगरी येथे पूर्वरचित भाग जोडून ९६ दिवसांत ९६ सदनिका उभ्या केल्या. त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी विठ्ठलवाडी स्थानकाबाहेर एकदा उभे राहावे. अखंड भिंत वाहणारा ट्रेलर त्या गल्ल्यांत वळणार कोठून? तरीही कारखाना हवाच. शेजारच्या उल्हासनगरात मे २०२१ मध्ये स्लॅब कोसळून माणसे मेली. कारखान्यात ओतलेला भाग निदान बसविण्यापूर्वी तपासता येतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेची फळ्या-तुळयांच्या छताची पद्धत आहेच. तिचे भाग माणसे उचलतात, क्रेन लागत नाही. साथींनी मागणी करावी ती अशी : कल्याण-डोंबिवली व उल्हासनगर महापालिकांनी मिळून सार्वजनिक जमिनीवर हा कारखाना काढावा, नाक्यावरचे मजूर कायम वेतनावर घ्यावेत. बिल्डरच्या हाती तो गेला, तर वाचलेला प्रत्येक दिवस त्याच्या नफ्यात जमा होईल. भाडेकरूचा एक रुपयाही सुटणार नाही.