क्रोशाची पहिली लेस आणि तिची रोजकीर्द

सातारा काय आणि सांगली काय, लग्नघरातील रुखवताच्या मांडणीत क्रोशाचे काम हमखास असते. ताटावरचा रुमाल, दाराचे तोरण, उशीच्या अभ्र्यांची जोडी आणि त्यांना लावलेली पांढरीशुभ्र लेस. पाहणाऱ्या बायका लेसचे टोक बोटांत धरून निरखतात आणि कोणीतरी विचारते, "काकू, अशी जोडी मला करून द्याल का? केवढ्याला पडेल?" त्यावर काकूंचे उत्तर ठरलेले असते. "अगं, दुपारचा वेळ जात नाही म्हणून विणते मी. दोऱ्याचे पैसे दे, झालं."

ज्या घरात हळदीच्या पोत्याचे वजन, हमाली, तोलाई आणि दलाली पैशापैशाने रोजकीर्दीत उतरते, त्याच घरात काकूंच्या दुपारचा जमाखर्च कोठेच नसतो. तेव्हा नवशिक्या भगिनींनी लेस शिकताना सुई आणि दोऱ्याबरोबर घड्याळ व एक लहान वहीही जवळ ठेवावी.

साहित्य थोडेच लागते. कटलरीच्या दुकानात क्रोशाचा मर्सराइज्ड सुती दोरा आणि पोलादी सुई मिळते. दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. वीस-चाळीस नंबरच्या दोऱ्याची लेस नाजूक दिसते. परंतु नवख्या हाताला त्यातील टाका दिसत नाही आणि दोन दिवसांत सुई डब्यात जाते. आरंभ दहा नंबरच्या दोऱ्याने आणि सुमारे दीड मिलिमीटरच्या सुईने करावा. मर्सराइज्ड म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेले सूत. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञावरून ते नाव पडले. या प्रक्रियेने सुताला बळकटी येते आणि चकाकीही येते. कोशातील जीव मारून मिळणारे रेशीम ज्या घरांत वर्ज्य मानतात, तेथे पोथीच्या वेष्टनाला किंवा पूजेच्या वस्त्राला लेस लावताना हे सूत उपयोगी पडते.

कापड आधी धुऊन घ्यावे, हे मुद्दाम सांगावे लागते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि त्यावर विणलेली लेस मग चुण्या पडून लोंबू लागते. रंगीत दोरा असल्यास त्याचा हातभर तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग सुटतो का, तेही पाहावे.

क्रोशाचे मूळ टाके तीनच. सरकगाठ सुईवर घेऊन दोरा सुईच्या आकड्यात अडकवायचा व त्या फासातून ओढून घ्यायचा, की एक साखळी झाली. सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढला म्हणजे सुईवर दोन फास होतात. दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढला की मुका खांब. आणि सुई टाक्यात घालण्यापूर्वीच तिच्यावर दोऱ्याचा एक वेढा घेतला तर तीन फास होतात. ते दोन-दोन करून दोन वेळा काढले की खांब. मुका खांब बुटका, खांब उंच. बाकीच्या बहुतेक नक्ष्या या तिघांच्याच नातेवाईक आहेत.

पहिल्या लेससाठी कापडाची एक सरळ, दुमडून शिवलेली बाजू घ्यावी. क्रोशाची सुई कापडात थेट शिरत नाही, आणि जबरदस्तीने घातली तर धागे तुटतात. म्हणून साध्या सुईने त्या बाजूवर काजाचे टाके सारख्या अंतराने घालावेत. मग त्यांच्या फासांतून मुक्या खांबांची पहिली ओळ विणावी. ही ओळ म्हणजे इमारतीचे जोते. टाके दाटीने भरले तर कडेची झालर होते. कमी पडले तर कापड आवळून कोपरे वर उचलतात. पाच-सहा इंच विणल्यावर काम मेजावर सपाट पसरून पाहावे. चुकले असेल तर उसवावे. क्रोशाचा मोठा गुण असा, की सुईवर एकच फास उरत असल्याने दोरा ओढताच काम बिनबोभाट उसवते आणि दोरा वाया जात नाही.

दुसऱ्या ओळीत शिंपले येतात. एक साखळी घालून काम उलटावे व पहिल्या टाक्यात मुका खांब घालावा. मग दोन टाके सोडून तिसऱ्यात पाच खांब, पुन्हा दोन टाके सोडून तिसऱ्यात एक मुका खांब. पाच खांब एकाच घरात शिरल्यामुळे पंख्यासारखे पसरतात आणि दोन्हीकडचे मुके खांब त्यांना खाली ओढून धरतात, म्हणून शिंपल्याचा आकार आपोआप येतो. एका शिंपल्याला खालचे सहा टाके लागतात आणि शेवटच्या मुक्या खांबासाठी एक अधिक. वीस शिंपले हवे असतील तर पहिल्या ओळीत १२१ टाके मोजून घालावेत. अभ्र्याच्या तोंडासारखी गोल कड असेल, तर तो अधिकचा टाका नको. सहाने भाग जाणारी संख्या पुरते. हा हिशेब आधी केला नाही, तर अखेरीस अर्धा शिंपला उरतो आणि नेमका तोच सर्वांच्या नजरेला पडतो.

बाजारात मीटरवर मिळणारी 'क्रोशा लेस' काही रुपयांत येते, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न घरातील पुरुषमंडळी विचारतातच. ती लेस यंत्रावर होते. त्या यंत्राला क्रोशाचे नाव असले, तरी त्यावर अनेक सुया एकाच वेळी अनेक दोरे उभे गुंफतात. हाताच्या क्रोशात एकच सुई, एकच दोरा आणि एका वेळी एकच फास असतो. त्या दोन मालांचा भाव एक असू शकत नाही, हे व्यापारी घराला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता वही. समजा, एक वीत लेस विणायला चाळीस मिनिटे लागली. अभ्र्याच्या तोंडाचा घेर चार वीत, म्हणजे एकशे साठ मिनिटे. जोडीला पाच तास वीस मिनिटे. तासाचे साठ रुपये धरले तरी मजुरी ३२० रुपये झाली, दोरा व कापड निराळे. आकडा स्वतःच्या हाताच्या वेगाने व आपल्या गावातील शिलाईच्या मजुरीने ज्याचा त्याने बसवावा. पण तो लिहिलेला असावा.

न लिहिल्याने काय होते, याचे उदाहरण आंध्रातील नरसापूरचे आहे. गोदावरीच्या मुखाशी असलेल्या या गावात स्कॉटिश मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती परदेशी जाऊ लागली आणि २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील विणकरणींवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. या बायका दिवसातील सहा-आठ तास विणत, तरी त्यांना कामगार न म्हणता 'फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी' म्हटले जाई. मजुरी किमान वेतनाच्या कितीतरी खाली होती आणि नफा निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पदरी पडत होता, असे त्यात दाखवले आहे. फावला वेळ हा शब्द फार स्वस्त पडतो, अर्थात घेणाऱ्याला. हा ठपका आपल्यासारख्या व्यापार करणाऱ्यांवरच आहे, म्हणून तो वाचताना जरा अवघड वाटते.

हिशेब बायकांना जमणार नाही, ही शंका सातारा जिल्ह्यात तरी कोणी काढू नये. माण तालुक्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या स्त्रिया अक्षरे शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. कोणतीही रक्कम सांगा, आम्ही तिचे व्याज तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय काढावे, असे त्यांनी सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

लेस पुरी झाल्यावर कोमट पाण्यात हलके धुऊन, तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्यावी. मग टर्किश टॉवेलवर उलटी पसरून, शिंपले एकेक बोटाने ओढून नीट करून, ओलसर असतानाच इस्त्री फिरवावी. सुलट बाजूने इस्त्री केल्यास शिंपले चेपतात. जोडी कागदात गुंडाळताना आत एक चिठ्ठी घालावी. तिच्यावर दोऱ्याचा नंबर, शिंपल्यांची संख्या आणि लागलेले तास लिहावेत. जोडी भाचीच्या रुखवतात भेट म्हणून जाणार असली, तरीही.