पबजी आणि पत्ते एका मापात नकोत

मोबाइल गेमच्या स्पर्धांना जुगार ठरवणारा लेख लिहिणाऱ्याने कायदा वाचलेला दिसत नाही. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्याच्या गेम स्पर्धांना, मात्र मान्यता दिली. त्यात प्रवेश शुल्क आणि बक्षीस चालते, पैज नाही.

पबजीवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली ती जुगाराच्या नव्हे, देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. त्याचा भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ २०२२मध्ये हटवला गेला, २०२३मध्ये परतला. लेखात याचा पत्ताच नाही.

‘नुसती बोटे चालवणे’ म्हणे! स्पर्धेच्या एका सामन्यात १६ संघ, ६४ खेळाडू, आक्रसत जाणारे वर्तुळ. गडी टिपल्याचे गुण वेगळे, शेवटपर्यंत तगल्याचे वेगळे. लेखातली डोळ्यांची काळजी तेवढी रास्त. गावाकडच्या पोराचे खरे दुखणे निराळेच: ऐन मोक्याला नेटवर्क अडखळते नि बंदूक झाडण्याआधीच तो बाद. त्यावर लेखात एक ओळ नाही.

– एक वाचक, जळोची (ता. बारामती)