तात्पुरतं, पण किती दिवस?



रेल्वेतल्या बाईचा फोटो छापून येतो तो बहुधा इंजिनाच्या खिडकीतला असतो. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या, मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. २०१७ मध्ये माटुंगा स्टेशनाचा सगळा कारभार बायकांच्या हाती आला, तेव्हाही फोटो झळकले. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण गाडी ज्या रुळावरून जाते तो रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या बाईचा फोटो आपल्यापैकी किती जणींनी पाहिला आहे? या वेळचं संपादकीय तिच्यासाठी आहे. आणि त्याची सुरुवात मला एका लोखंडी पट्टीपासून करायची आहे.

मी काम करते ते नांदुरा मुंबई–हावडा मार्गावर, भुसावळ विभागात, मलकापूर आणि जलंब यांच्या मध्ये आहे. १८६७ मध्ये हा मार्ग नागपूरला पोचला. बाहेरगावच्या लोकांना नांदुरा म्हटलं की हायवेलगतचा १०५ फुटी हनुमान आठवतो. गावातून रात्रंदिवस धडधडत जाणाऱ्या गाड्यांची मात्र इतकी सवय झालेली असते की त्या सुखरूप का जातात, हा प्रश्न कुणाला पडत नाही.

पूर्वी रुळांचे तुकडे फिशप्लेटने, म्हणजे दोन्ही बाजूंनी लावलेल्या पट्ट्या आणि बोल्टांनी जोडत. गाडीची ती ओळखीची खडखड या सांध्यांचीच. आता रूळ वेल्डिंग करून सलग केलेले असतात. पण लोखंडाचा स्वभाव बदललेला नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रूळ लांबायला पाहतो, हिवाळ्यात पहाटेच्या गारठ्यात आखडायला पाहतो. क्लिपांनी स्लीपरला जखडलेला असल्यामुळे त्याला हलता येत नाही, आणि मग कच्च्या वेल्डवर ताण येऊन तडा जातो. ‘रुळाला तडा, गाड्या खोळंबल्या’ ही बातमी थंडीत जास्त वाचायला मिळते ती त्यामुळे.

असा तडा दिसला की आधी लाल झेंडा दाखवून गाडी थांबवायची, मग तड्याच्या दोन्ही अंगांना खास फिशप्लेट लावायची. हिला ‘जॉगल्ड’ म्हणतात. वेल्डच्या जागी रुळाला जी गाठ असते ती आत बसावी म्हणून ही पट्टी मधोमध बाहेर वाकवलेली असते. रुळाला नवं भोक पाडायला तेव्हा वेळ नसतो, म्हणून रुळाच्या पायाखालून क्लँप घालतात आणि पाना मारून तो आवळतात. गाडी अगदी हळू सोडतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी क्लँप ढिला पडू शकतो, म्हणून त्यावर नजर ठेवावी लागते. वेळ मिळाला की तेवढा रूळ कापून नवा तुकडा वेल्ड करतात आणि क्लँप परत सामानात जातो.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. या दुरुस्तीला कुणी पक्की म्हणत नाही. तिची किलोमीटरनिशी नोंद होते, तिच्यावर पहारा असतो, आणि तिला मुदत असते. अल्ट्रासॉनिक तपासणीत रुळाच्या पोटात गंभीर दोष सापडला तर तो भाग तीन दिवसांत बदलावा, असा नियम आहे. तात्पुरतं तेवढ्यापुरतंच राहिलं पाहिजे, हे रेल्वेला रुळाच्या बाबतीत पक्कं ठाऊक आहे. दुरुस्ती अर्धवट असताना गाडी सोडली तर काय होतं, ते ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात खतौलीला दिसलं. रुळाचं काम चालू असताना उत्कल एक्स्प्रेस त्यावरून गेली आणि २० हून अधिक माणसं गेली.

आता ही पट्टी लावणाऱ्या हातांकडे येऊ. या कामाला पूर्वी गँगमन म्हणत, मग ट्रॅकमन म्हणू लागले, आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नावातला ‘मन’ गेला. व्यवस्थेतला मात्र अजून गेलेला नाही. या कामावर बायका येतात त्या तीन वाटांनी. काही जणी भरती परीक्षा देऊन येतात. शारीरिक चाचणीत २० किलो वजन खाली न ठेवता दोन मिनिटांत १०० मीटर नेतात, ५ मिनिटं ४० सेकंदांत एक किलोमीटर धावतात. काही जणींचा नवरा किंवा बाप नोकरीत असताना गेलेला असतो, त्या अनुकंपा तत्त्वावर येतात. आणि तिसऱ्या वाटेने येतात त्या ठेकेदाराच्या बाया. गिट्टी भरायला, माती ओढायला रोजीवर आलेल्या. कपाशीच्या निंदणीचे दिवस संपले की यांच्यातल्या कितीतरी जणी रुळाकडे वळतात. त्यांच्या नावापुढे कोणतंच पद नसतं.

या कामातल्या बायकांशी बोलायला बसलं की बोलणं पगारावरून सुरू होत नाही. ते पाण्यावरून सुरू होतं. कामावर पाणी प्यायचं की नाही, याचा हिशेब त्यांना रोज करावा लागतो, कारण दोन स्टेशनांच्या मध्ये आडोसा नसतो. पाळीचे दिवस, पोटातलं मूल, अंगावर पाजायचं बाळ, हे सगळं त्याच उघड्या रुळाकडेला. गस्तीवरच्या कामगाराकडे जीपीएस यंत्र असतं. बाई कुठं आहे हे त्यावरून वरच्यांना कळतं, पण तिनं लघवीला कुठं जावं हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

मग तोडगा काय निघतो? मुकादमाच्या समजूतदारपणाने. बाईला चार दिवस हलकं काम द्यायचं. गरोदर आहे म्हणून ऑफिसात बसवायचं, फायली उचलायला, चहा करायला. हे सगळं तोंडी चालतं, नोंद कुठंच नाही. मुकादम बदलला की सवलत गेली. शिवाय गँगमध्ये उरलेल्यांवर जास्त भार पडतो, आणि त्यांचा राग साहेबावर न निघता त्या बाईवर निघतो. वर्षानुवर्षं चाललेल्या या उपकाराला ना मुदत आहे ना पक्का उपाय. रुळावरच्या क्लँपची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेने बाईसाठी लावलेल्या क्लँपची नोंद का ठेवू नये?

२०१८ च्या अखेरीस बातमी आली होती की चालक, गार्ड, गँगमन आणि हमाल या कामांवर पुरुषच घ्यावेत, असं रेल्वेने केंद्राच्या कार्मिक विभागाला लिहिलं आहे. कारण दिलं होतं ते कामाच्या परिस्थितीबद्दल बायकांनीच केलेल्या तक्रारींचं. म्हणजे परिस्थिती वाईट आहे हे मान्य, पण बदलायची ती परिस्थिती नाही, बाईच हटवायची! रात्रपाळीच्या प्रश्नावर हे उत्तर आपण कितीदा तरी ऐकलं आहे.

आपल्यातही या प्रश्नावर दोन मतं आहेत. काही ट्रॅक मेंटेनर बायकांना स्वतःलाच काम बदलून हवं आहे. गुडघे, कंबर, गर्भाशय यांचं दुखणं त्या सोसत आहेत. त्यांना ‘माघार घेऊ नका’ असं आपण सभेतून सांगायचं का? मला तसं वाटत नाही. ज्यांना बदली हवी त्यांना ती हक्काने, ज्येष्ठता न गमावता मिळावी. ज्यांना रुळावरच राहायचं आहे त्यांना तिथं माणसासारखं काम करता यावं. या दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

आणि हा प्रश्न फक्त बायकांचाही नाही. १३ फेब्रुवारी २०२३ ला आपल्याच भुसावळ विभागात, लासलगावजवळ, पहाटे रुळाचं काम करणाऱ्या चार कामगारांना टॉवर वॅगनने उडवलं. गाडी जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र, हलकी आणि चांगली अवजारं, एकट्याऐवजी दोघांची गस्त, यातलं बाईसाठी जे मागू ते पुरुषाचाही जीव वाचवेल. म्हणून कामगार संघटनांनी हे ‘महिला आघाडीचा विषय’ म्हणून बाजूला सारू नये.

‘तात्पुरतं’ या शब्दाचा रेल्वेतला इतिहास आपल्याला शिकवणारा आहे. प्रकल्पांवर वर्षानुवर्षं राबणारे कामगार ‘कॅज्युअल’ म्हणूनच मोजले जात. १९८५ मध्ये इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याच्या योजनेवर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा हजारोंना वाट मिळाली. आज तो कॅज्युअल कामगार ठेकेदाराकडे गेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा ते भुसावळ ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. हा मार्ग आपल्या दारावरून जाणार. माती आणि गिट्टीचं काम निघेल, आणि त्यावर आपल्याच वस्त्यांतल्या बाया जातील. त्यांची नावं हजेरीपटावर असतील की नाही, ते काम सुरू झाल्यावर नाही, आत्ताच ठरवायला हवं.

म्हणून आपल्या मागण्या अशा:

प्रत्येक गँगसोबत हलवता येईल असं शौचालय आणि कपडे बदलायची जागा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हलकं काम लेखी आदेशाने, नोंदीसह, ज्येष्ठतेला धक्का न लावता. इशारा देणारं यंत्र प्रत्येक गस्तीवर. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा झाला. त्याखालच्या समितीचा पत्ता मुख्यालयाच्या फलकापुरता नको, गँगच्या खोलीत लागलेला हवा. आणि ठेक्यावरच्या बाईला हजेरीकार्ड, बँकेतून मजुरी, पुरुषाइतकीच रोजी. समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या ३९ व्या कलमात लिहिलेलं आहे.

यातल्या एकाही मागणीला इंजिनियरची बुद्धी लागत नाही. तडा गेलेल्या रुळाला जशी तारखेनिशी नोंद आणि मुदत मिळते, तशी याही प्रश्नाला मिळावी, इतकंच मागणं आहे.

पुढच्या अंकापर्यंत एक काम करा. तुमच्या गावावरून रूळ जात असेल तर जवळच्या गँगमध्ये बायका किती, ठेक्यावर किती, पाणी आणि शौचालय कुठं आहे, हे त्यांच्याशी बोलून लिहून पाठवा. त्यांची नावं छापणार नाही. पण माहिती गोळा झाली की ती घेऊन विभागीय कार्यालयात जायचं आहे, आणि जाताना त्या बायकांना पुढे ठेवायचं आहे.